जोड

शिंत्रे बाईंच्या टेबलावर कात्री माझी.
पदवी त्यांची, सूक्ष्मदर्शक विद्यापीठाचा,
पण कापायचा हात जवाहरनगरात
चामड्यावर बसलेला.

दूरच्या गवताळ मुलखातून टपालानं निगेटिव्ह यायच्या.
अंधाऱ्या खोलीत मी त्या कागदावर उतरवायची.
भुईखारीच्या एका पेशीतलं सगळं सामान
डबीतून चुका सांडाव्यात तसं:
आखूड, लांब, कमरेत वाकलेलं.
(चुका म्हणजे आमच्या घरात बारीक खिळे.)

ती खार आपल्याकडं नाही.
आपली झाडावर, आणि माणसं तिच्या पाठीचे पट्टे मोजून गप्प बसतात.
ती बिळात राहते, अर्धं वर्ष झोपते.
दोन शेजारी ठेवल्या तर आईलाही फरक कळू नये.
फरक आत.
मोठ्या नदीच्या अल्याड छत्तीस गुणसूत्रं,
पल्याड चौतीस.

"दोन गेली कुठं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.
"गेली नाहीत, मालन. टोकाला टोक लागून शिवली गेलीत."
हे मला लगेच कळलं.
अण्णा उरलेल्या दोन पट्ट्यांची एक करायचे.
मोजायला कमी, वजनाला तेवढंच.

कापायचं, लांबीला लांबी लावायची, कमरेला कंबर,
खळ लावून पुठ्ठ्यावर ओळीनं बसवायचं.
डावा-उजवा हुडकायची सवय होतीच.
नराच्या पेशीत शेवटचा जोड विजोड,
एक ऐसपैस, एक ठिपक्याएवढं.
अण्णांना सांगितलं तर म्हणाले,
"असला माल गिऱ्हाईक परत आणतंय."

एका संध्याकाळी छत्तीसच्या गठ्ठ्यातली एक पेशी
पस्तीस भरली.
बाईंनी तीनदा मोजली. चष्मा पुसून चौथ्यांदा.
"पस्तीस! म्हणजे नदी कुणीतरी ओलांडलीय."
आवाज असा,
की टेबलावर ओली पावलं उमटलीत.
निगेटिव्ह बघायला उठल्या आणि वीज गेली.
मेणबत्ती लावून त्यांनी पत्राचा मसुदा घेतला.

मी पुठ्ठ्याकडं बघत राहिले.
एक बारकं एकटं पडलं होतं, खरं.
पण दोन्ही तीरांची ती लेक असती
तर एक लांब, शिवलेलं हवं होतं,
दोन सुट्यांसमोर एक सांधलेलं.
ते कुठंच नव्हतं.
"येतो बाई," म्हणाले आणि निघाले.

अण्णांना कुणाचीही चप्पल उलटी करून बघायची खोड,
टाच कुठं झिजते, माणूस कुठं झुकतो.
माझी उलटी केली.
"हे काय चिकटलंय?"
रापीच्या टोकावर तांदळाएवढा तुकडा,
मागं खळ, पुढं माती.

छत्तिसावं.
सायबर चौकातून आमच्या उंबऱ्यापर्यंत
एका भुईखारीचा वारसा मी टाचेखाली आणला होता.

"टाकू?"
"नको."
काडेपेटीत ठेवला.
रात्री डोळ्यांसमोर ती खार पोहतच होती,
नाक पाण्यावर, कान मिटलेले,
आणि बाई तिच्यासाठी मेणबत्ती धरून.
पेटी चुलीत गेली असती तर कुणाला कळलं असतं?
अण्णा अंधारातून म्हणाले, झोपेत की जागे, ठाऊक नाही,
"एका पायाची चप्पल कुणी चोरत न्हाई, पोरी.
हरवली तर कुठंतरी असतीच."

सकाळी काडेपेटी बाईंसमोर ठेवली.
उघडली. बराच वेळ त्यात बघत बसल्या.
मग मसुद्याचा कागद पालथा केला,
त्यावर खळीची वाटी ठेवली.
"लाव," म्हणाल्या.

लावलं.
मातीचा डाग गेला नाही, मी घासलाही नाही.
अजून त्या पुठ्ठ्यावर, अकराव्या जोडात,
एक जरा जास्त चाललेलं दिसतं.

त्या वर्षी नदी कुणी ओलांडली नाही.
निदान आमच्या टेबलावर.